गिरणीवरचा फळा

आमच्या पेठेत भांडणं लेखी व्हायची. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही, कारण आमच्याकडचे आवाज असे की नुसतं 'या, बसा' म्हटलं तरी पलीकडच्या गल्लीतला माणूस येऊन बसतो. पण अण्णांच्या पिठाच्या गिरणीवर कुणाचाच इलाज चालत नसे. एकदा पट्टा फिरायला लागला की भल्याभल्यांचे गळे तिथे हरायचे. दळणाच्या रांगेत उभं राहून माणसं कुस्तीवर वाद घालायची आणि कोण काय म्हणालं हे कुणालाच ऐकू यायचं नाही. यातून गैरसमज वाढून दोनदा डब्यांची फेकाफेकी झाली, तेव्हा अण्णांनी बाहेरच्या भिंतीवर एक फळा टांगला आणि जाहीर केलं, "आजपासनं लिवून भांडायचं."

फळ्याच्या डोक्याला दळणाची वेळ असे. सकाळी गहू, दुपारी ज्वारी, शनिवारी हरभरा. त्याच्याखाली कुस्ती. कुठल्या मैदानात कोण कुणाशी लढलं, कोणत्या डावावर निकाल लागला, बरोबरीत सुटली तर का सुटली. तळाला वीतभर पट्टी मोकळी ठेवलेली असे, तिला अण्णा 'उत्तराची जागा' म्हणत. ज्याला वरचं पटलं नाही त्याने तिथे लिहायचं, पण खाली नाव घालायचं. बिननावी मत दिसलं की अण्णा ओलं फडकं घेऊन बाहेर येत. "ज्येला नाव न्हाय त्येला तोंड न्हाय," एवढं बोलून पुसत आणि आत जात.

अण्णांच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस, सगळं कायम पिठाने पांढरं असायचं. त्यामुळे ते तिशीतही म्हातारे दिसत आणि सत्तरीतही तेवढेच म्हातारे दिसत. खिशात मात्र दोन खडू, एक पांढरा आणि एक पिवळा. फळ्याचा खरा कायदा या दोन खडूंत होता. जे अण्णांनी स्वतः डोळ्यांनी बघितलंय ते पांढऱ्याने, जे कानावर आलंय ते पिवळ्याने. कुरुंदवाडच्या मैदानाला ते स्वतः जुनी लुना हाकत गेले असतील तर निकाल पांढरा. कुणी येऊन सांगितला असेल तर पिवळा, मग सांगणारा तालमीचा वस्ताद का असेना. एखादा नवखा माणूस डबा घेऊन आला आणि फळा वाचून तावातावाने बोलायला लागला की अण्णा म्हणायचे, "पावणं, आधी रंग बघा, मग रागावा."

मी त्याच पेठेतली. शाळेत असताना दळण घेऊन जायची आणि पीठ होईपर्यंत फळा वाचायची. कुस्तीचं वेड मला तिथेच लागलं. पुढे मी एका वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर नोकरीला लागले, तेव्हा घरच्यांच्या आधी अण्णांना सांगायला गेले होते. त्यांनी गिरणी बंद करून ऐकलं. गिरणी बंद करून ऐकणं हा त्यांच्याकडचा सर्वोच्च मान होता. नको असलेलं बोलणं सुरू झालं की ते बटण दाबत, पट्टा गरगरायला लागे आणि बोलणारा आपोआप गप्प होई. माझं ऐकून झाल्यावर म्हणाले, "पेपरात खडू किती रंगाचं असत्यात?"

"एकच, अण्णा. काळा."

"मग अवघड हाय," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

अवघड होतंच, पण ते कळायला मला भैरू यावा लागला.

भैरू नेसरीकडचा. आमच्या तालमीत राहायचा आणि दर रविवारी सकाळी गव्हाचा डबा खांद्यावर टाकून गिरणीवर यायचा. लाजाळू एवढा की रांगेत कुणी पुढे घुसलं तरी बोलायचा नाही, आणि आखाड्यात उतरला की समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. त्याची पहिली निकाली कुस्ती अण्णांनी पांढऱ्याने लिहिली होती. 'कुरुंदवाड. भैरूने ढाक लावून चीत केला. चार मिनिटं.' अण्णा विशेषणं वापरत नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "पिठात मीठ घरी गेल्यावर घालायचं असतं. मी घालून दिलं तर परातीतलं बिघडंल."

मी मात्र मुठीने मीठ घालत होते. भैरूने पाठोपाठ कुस्त्या जिंकल्यावर मी त्याला 'नेसरी एक्स्प्रेस' हे नाव दिलं. मथळे सुचायला वेळ लागेना. नेसरी एक्स्प्रेस सुसाट, नेसरी एक्स्प्रेसला हिरवा कंदील, असं बरंच काही. संपादक खूश, पेठ खूश. बापूंनी तर ते नाव दुधाच्या गाडीच्या मागे रंगवून घेतलं. हे बापू म्हणजे तालमीला दूध घालणारे, आणि 'भैरूच्या अंगातलं निम्मं रक्त माझ्या म्हशीचं' असं चारचौघांत सांगणारे. अण्णांनी तेवढी उत्तराच्या जागेत एक ओळ लिहिली. 'नेसरीला रेल्वे नाही. – अण्णा.' पेठ आठवडाभर हसत होती. मीही हसले, आणि पुढच्या कुस्तीला पुन्हा एक्स्प्रेस सोडली.

मग ती बातमी आली. एका मोठ्या स्पर्धेनंतरच्या तपासणीत भैरूच्या नमुन्यात स्टेरॉईड सापडलं. मला फोन आला, मी आणखी दोन फोन केले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर माझ्या नावासह मथळा होता, 'नेसरी एक्स्प्रेस रुळावरून घसरली'. खोटं सांगत नाही, तो सुचला तेव्हा मला आनंद झाला होता. मथळा चांगला जमला म्हणून झालेला तो आनंद आठवला की आजही मला लाज वाटते.

सकाळी गिरणीवर गेले तर पन्नासेक माणसं जमली होती आणि त्यांतल्या निम्म्यांच्या हातात डबाही नव्हता. फळ्यावर पिवळ्याने एकच ओळ होती. 'भैरूच्या तपासणीत स्टेरॉईड निघालं, असं पेपरात आहे.' बापू फळ्यासमोर उभे राहून ओरडत होते, "पुसा अण्णा ते! आपल्या पोराचं नाव आपल्याच फळ्यावर?"

"जिंकला तवा आपल्याच फळ्यावर हुतं की."

पलीकडच्या पेठेतला एकजण खास मजा बघायला आला होता. तो म्हणाला, "पिवळं कशाला? सगळ्या पेपरात आलंय. पांढऱ्यानं लिवा!"

"तुमी नमुन्याच्या बाटलीत बघिटलासा काय? मी न्हाय बघिटलं," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. पिठाच्या भुवयांखालचे ते डोळे रागावलेले नव्हते, म्हणून तर जास्त लागलं. "काल एक्स्प्रेस, आज घसरली. गाडी तूच हाकतीस, तूच पाडतीस. आत एक माणूस बसलाय, त्येला इचारलंस का गं?"

विचारलं नव्हतं. भैरूचा फोन बंद होता आणि तो गावी निघून गेला होता, हे माझं उत्तर तयार होतं. पण नेसरीला रेल्वे नसली तरी एसटी जाते, हे मलाही माहीत होतं.

त्यानंतरचे दिवस पेठेने काय वाद घातला म्हणता! उत्तराची जागा पुरेना, तेव्हा अण्णांनी फळ्याच्या खाली भिंतीचा तुकडाच काळा रंगवून दिला. कुणी लिहिलं, सगळेच घेतात, हा सापडला. कुणी लिहिलं, पेपरवाले हारही घालतात आणि तिरडीही बांधतात. एका आजींनी लिहिलं, 'एवढं बदाम-तूप खाऊन वर इंजेक्शन कशाला, अजीर्ण होईल.' पेठेचा मोबाईलवरचा ग्रुप तर पेटला होता. अण्णांना कुणी तो दाखवायला गेलं की ते मान फिरवत. "तेच्यात सगळाच पिवळा खडू."

बापूंचा सिद्धांत वेगळा होता. भैरूने बाहेरचं काही घेतलंच नाही, हा सगळा तालमीच्या खुराकाचा परिणाम, असं ते छातीवर हात मारून सांगत. "बदाम, खसखस, तूप आनी माझ्या म्हशीचं दूध. थंडाईत ताकद असती की! मशीनला काय कळतंय त्यातलं?"

"मग पिऊन बघा," अण्णा म्हणाले. "निघालं तर पांढऱ्यानं लिवतो."

आता दुसऱ्या कुठल्या गावात हे हसण्यावारी गेलं असतं. आमच्याकडे सात जण तयार झाले. सगळे पन्नाशीच्या पुढचे, त्यांत एक निवृत्त तलाठी. पंधरा दिवस हे सातही जण पहाटे तालमीत जाऊन पैलवानाचा अख्खा खुराक ओरपत होते. जोर-बैठका मात्र कुणी मारल्या नाहीत, कारण बापूंच्या मते त्यामुळे प्रयोगात भेसळ झाली असती. पंधराव्या दिवशी मिरवणुकीने सगळे लॅबमध्ये रक्त तपासायला गेले. तिथल्या मुलीने स्टेरॉईडची तपासणी इथे होत नाही असं सांगितलं. एवढं चालत आलोय तर परत कशाला जायचं, म्हणून त्यांनी जी होते ती सगळी तपासणी करून घेतली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पांढरी ओळ होती. 'सात जणांनी पंधरा दिवस थंडाई प्याली. स्टेरॉईडचं समजलं नाही. बापूंना साखर निघाली.' खाली उत्तराच्या जागेत थरथरत्या अक्षरात, 'साखर आधीपासून होती. – बापू.'

हसून हसून माणसांच्या हातातले डबे सांडले. मलाही खूप दिवसांनी हसू आलं. अण्णा मात्र हसत नव्हते. गर्दी पांगल्यावर ते पोत्यावर बसले आणि गिरणी बंद होती म्हणूनच ऐकू येईल अशा हळू आवाजात म्हणाले, "दळण तेवढंच हुतं गं."

मला कळलं नाही.

"भैरूचं. चार म्हैनं डबा तेवढाच. शेर-पावशेर वाढला न्हाय. आनी अंग दिसतंय तर हे एवढं फुगलेलं. मी रोज पीठ बघणारा मानूस. खाणं वाढल्याबिगार अंग कसं वाढंल? मला दिसत हुतं. त्येला इचारलं न्हाय." थोडा वेळ ते खिशातला खडू चाचपत राहिले. "पोरगं जिंकत हुतं की. म्हटलं, बघिटलं न्हाय असं समजू."

फळ्यावर इतकी वर्षं एक खोटं अक्षर न लिहिलेला माणूस एका न लिहिलेल्या ओळीसाठी असा बसला होता. मला त्यांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं, पण मी स्वतःच कुठे धीर देण्याच्या जागेवर होते? मी नुसतीच शेजारच्या पोत्यावर बसले. जाताना माझ्या परकराला... छे, आता कुठला परकर, जीन्सला पीठ लागलं होतं. पण अण्णांजवळ बसलं की वय असं मागेपुढे व्हायचं.

त्या रविवारी भैरू आला. नेहमीसारखा सकाळी, गव्हाचा डबा खांद्यावर घेऊन. रविवारची रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. तो दिसला आणि रांग दुभंगली. आयुष्यात पहिल्यांदा लोकांनी त्याला पुढे जाऊ दिलं आणि नेमकं त्याच दिवशी त्याला मागे उभं राहायचं होतं. अण्णांनी डबा घेतला आणि गहू वर ओतला. गिरणी चालू होती. भैरू काहीतरी बोलला. ओठ हलले, ऐकू काही आलं नाही.

आणि अण्णांनी बटण बंद केलं. दळण अर्ध्यावर असताना गिरणी थांबवायची नाही, हा त्यांचा बापजाद्यांपासूनचा नियम. पट्टा सावकाश होत होत थांबला. एवढी शांतता त्या गिरणीत मी तरी कधी ऐकली नव्हती.

"अण्णा, तेवढं पिवळं पुसा," भैरू म्हणाला.

"म्हटलं न्हवतं मी!" बापू मागून ओरडले. "पोरगं निर्दोष हाय!"

"न्हाय बापू." भैरूची मान खाली होती. "पुसा आनी पांढऱ्यानं लिवा. घेतलंतं मी."

बापूंच्या हातातली किटली तशीच राहिली. अण्णा फळ्यापाशी गेले, ओल्या फडक्याने पिवळी ओळ पुसली. मग पांढरा खडू भैरूपुढे धरला. "मी बघिटलं न्हाय. ज्यानं बघिटलंय त्यानं लिवायचं."

बोटात बसणार नाही एवढासा तो खडू घेऊन भैरूने लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं, ओळ उतरत गेलेली. 'खांदा दुखत होता. स्पर्धा जवळ आली होती. मी इंजेक्शन घेतलं. कुणी बळजबरी केली नाही. – भैरू.'

अण्णांनी त्याच्या हातातून खडू घेतला आणि खाली उत्तराच्या जागेत लिहिलं. 'मला दिसलं होतं. मी विचारलं नाही. – अण्णा.'

मग आत जाऊन बटण दाबलं. "चला, गहू तटलाय," म्हणाले.

तिसरी ओळ माझी असायला हवी होती. खडू तिथेच होता, जागाही होती. पण मी गुमान ऑफिसात गेले आणि भैरूने जे लिहिलं तेवढंच, एकाही विशेषणाशिवाय, बातमीत लिहिलं. घसरली तेव्हा एक्स्प्रेस पहिल्या पानावर होती, कबुली आत चार ओळींत गेली. मी कात्रण घेऊन शरमतच अण्णांकडे गेले. त्यांनी ते पिठाच्या हातांनी डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचलं. "चार का असंनात," म्हणाले, "पांढऱ्या हायत."

बापू तीन दिवस गिरणीकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी उत्तराच्या जागेत त्यांची ओळ उगवली. 'मी रागावलो आहे. दूध चालू राहील. – बापू.' त्या ओळीखाली भैरू बराच वेळ उभा होता आणि डबा खांद्यावर घ्यायलाच विसरला.

स्पर्धांतून बंदी आली, ती वर्षं भैरूने तालमीत माती खणत आणि पोरांना शिकवत काढली. रविवारी गिरणीवर यायचा तो वाद घालायलाही शिकला. खडू घेऊन लिहायचा, नाव घालायचा. मग पुन्हा कुरुंदवाडचंच मैदान आलं. अण्णा लुनावर, बापू दुधाच्या गाडीत, मी माझ्या स्कूटरवर, अशी आमची वरात निघाली. बापूंच्या गाडीमागची 'नेसरी एक्स्प्रेस' अर्धी खरवडलेली होती, त्यामुळे नुसतंच 'नेसरी' उरलं होतं, आणि दोन माणसांनी वाटेत त्यांना नेसरीची वडापची जीप समजून हात केला.

भैरू हरला. एका विशीतल्या पोराने त्याला घाम गाळायला लावला आणि शेवटी घिस्सा मारून चीत केलं. पण काय कुस्ती झाली! माती उडत होती, हलगी कडाडत होती, आणि पाठ टेकल्यावर भैरू पडल्या पडल्या हसत होता. उठून त्याने त्या पोराचा हात स्वतःच वर केला. बापू ओक्साबोक्शी रडत त्या जिंकलेल्या पोराला विचारत होते, "दूध कुठलं घेतोस रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम दळण नसताना गेले. पांढऱ्या खडूने लिहिलेलं होतं, 'कुरुंदवाड. भैरू हरला. फार सुंदर लढला.' मी दोनदा वाचलं. अण्णांच्या फळ्यावरचं ते पहिलं विशेषण. मी काही बोलायच्या आत त्यांनी आतून हात उडवला. "लिवलं एकदा. पडलं मीठ. तू काय बातमी करू नगंस त्येची."

अण्णा गेल्या वर्षी राधानगरीला लेकीकडे चार दिवस म्हणून गेले. तिथल्या भाताचा वास घेतल्याशिवाय जमत नाही म्हणायचे, जन्मभर पिठात राहून. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. फोन गिरणीवर आला. त्यांच्या माघारी त्यांच्या सूनबाई दळत होत्या, त्यांनी गिरणी थांबवून ऐकला आणि ओरडूनच भैरूला बोलावलं. आम्हा सगळ्यांना कळलं ते फळ्यावरून. भैरूने लिहिलं होतं, 'अण्णा गेले.' त्याने स्वतः बघितलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं, म्हणून नियमाप्रमाणे पिवळ्याने. ती ओळ वाचली आणि क्षणभर मला खरंच आशा वाटली.

आम्ही सगळे राधानगरीला गेलो. डोळ्यांनी बघून आलो. भुवया पहिल्यांदाच काळ्या दिसल्या, लेकीने तोंड पुसलं होतं. परत आल्यावर भैरू फळ्यासमोर उभा राहिला. आता ओळ पांढऱ्याने लिहायला हवी होती, अण्णांचाच कायदा. त्याने पांढरा खडू उचलला, बापूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो परत जागेवर ठेवला. कायद्यावर बोट ठेवायला आमच्यातलं कुणी पुढे झालं नाही.

फळा अजून आहे. वर सकाळी गहू, दुपारी ज्वारी. कुस्त्यांचे निकाल भैरू लिहितो, उत्तराच्या जागेत बापू भांडतात, आणि माझी ती राहून गेलेली ओळ मीही मागच्या महिन्यात एकदाची लिहून आले, नावासकट: 'मी विचारलं नाही आणि छापलं.' रोज ओलं फडकं फिरतं आणि सगळं पुसलं जातं. कोपऱ्यातली 'अण्णा गेले' ही एक ओळ तेवढी फडक्याला चुकवून ठेवलेली आहे. पुसट झाली की कुणीतरी ती गिरवतं. आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय, तरी गिरवतं पिवळ्यानेच.